परतफेडीची विद्या

सोनगीरच्या तांबटाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. तांब्याचा पत्रा हातोड्याखाली सारखा ठोकला की ताठ होतो, आणि तरीही ठोकत राहिले तर वाकायच्या ऐवजी तडकतो. म्हणून हंडा घडवताना भांडे पुन्हापुन्हा भट्टीत जाते, तापून लाल होते, मऊ पडते आणि मगच पुढच्या घावाने आकार घेते. गिऱ्हाइकाला वरचे मठाराचे चकाकते ठिपके दिसतात. मधल्या भट्ट्या दिसत नाहीत. अभियंत्याचेही तसेच होते. पदवी किंवा पदविका घेऊन तो कामाला लागतो, हात बसतो, आणि पंधरा-वीस वर्षांत त्या बसलेल्या हातानेच तो ताठरतो. कॉलेजात शिकलेले जुने झालेले असते, नवे शिकायला रजा नसते, आणि रजा मिळाली तर पैसा नसतो. शिक्षणावर आपला समाज भरभरून खर्च करतो, पण तो पहिल्या नोकरीपर्यंत. त्यानंतरच्या शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा आणि कोणत्या अटीवर, या प्रश्नाचे आपल्याकडचे सर्वांत टिकाऊ उत्तर एका धर्मादाय निधीने देऊन ठेवले आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटला २०१७ मध्ये सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. त्या निधीची रचना नीट पाहिली, तर खानदेशासारख्या भागाला आज काय हवे आहे तेही कळते.

तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला होता, मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये. म्हणजे देशात पहिली पायरी होती. पुढच्या पायऱ्या मात्र विलायतेत होत्या, आणि तिथवर जायचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होता. तेव्हाचे दानशूर धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रे आणि दवाखाने बांधत. जमशेटजींची दृष्टी वेगळी होती. दुबळ्याला सावरणारे दान त्यांना नको होते असे नाही, पण समाजातल्या हुशार माणसांना वर चढायला हात दिला तर त्यांच्यामागून पुष्कळांना वाट मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. निधी सुरुवातीला पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. लवकरच तो सर्व भारतीयांना खुला झाला. विद्याशाखेचे बंधन नव्हते. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या निधीच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे के. आर. नारायणन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आणि जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही याच निधीच्या आधाराने. आजवर पाच हजारांहून अधिक जणांना त्याचा लाभ झाला आहे.

या निधीचे खरे वैशिष्ट्य त्याने दिलेल्या नावांत नाही, दिलेल्या पैशाच्या प्रकारात आहे. हा पैसा बक्षीस नव्हता, कर्ज होते. शिकून कमवायला लागल्यावर तो परत करायचा, आणि परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जायचा. वरवर हा फरक हिशेबाचा वाटतो, पण त्यात दोन गोष्टी साधतात. एक, मूळ ठेव खर्ची पडत नाही. दात्याच्या पश्चात, महायुद्धे आणि मंदी पचवून, ती सव्वाशे वर्षे फिरत राहते. दुसरी गोष्ट घेणाऱ्याच्या मनाशी संबंधित आहे. फुकट मिळालेल्या मदतीने माणूस उपकाराखाली दबतो, नाहीतर ती विसरून जातो. कर्ज फेडणारा ताठ मानेने फेडतो, आणि आपण फेडलेल्या रकमेवर आपल्यासारखाच कुणी शिकतो आहे हे त्याला ठाऊक असते. घेणारा आणि देणारा या दोन जाती या व्यवस्थेत उरत नाहीत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: कर्जच द्यायचे, तर बँका कशाला आहेत? शैक्षणिक कर्जे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. मिळतात, पण बँक काय पाहते? साडेसात लाखांच्या पुढे सर्वसाधारणपणे तारण पाहते, आणि अर्जदार ज्या अभ्यासक्रमाला निघाला आहे त्यातून लवकर पगार निघेल की नाही ते पाहते. चाळिशीचा पदविकाधारक अभियंता जलव्यवस्थापनातला एक वर्षाचा अभ्यासक्रम करून परत त्याच खात्यात, जवळजवळ त्याच पगारावर येणार असेल, तर बँकेच्या कोष्टकात तो बसत नाही. त्याच्या शिक्षणाचा फायदा त्याच्या पगारात कमी आणि कालव्याच्या पाण्यात जास्त दिसणार असतो. असा फायदा मोजायचे मीटर बँकेजवळ नाही. विश्वस्तांजवळ असू शकते. टाटा निधीने अर्जदाराच्या वयाची मर्यादा पंचविशीत न अडवता पंचेचाळीसपर्यंत नेली, हे मला त्याच्या इतिहासाइतकेच महत्त्वाचे वाटते. मधल्या वयाचा माणूस विद्यार्थी असू शकतो, हे त्या एका अटीने मान्य केले.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक बोचरा आहे: शिकवा आणि गमवा. हुशार पोरगा आपल्या पैशावर शिकतो आणि दुसऱ्यांच्या कामाला येतो. या आक्षेपाला खानदेशातच एक उत्तर उभे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूहून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले ते म्हैसूर संस्थानाच्या मदतीवर. १८८३ मध्ये परीक्षा पास झाले आणि १८८४ मध्ये रुजू झाले ते म्हैसूरकडे नव्हे, मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. सुरुवातीच्या कामांपैकी एक त्यांना मिळाले ते आजच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या दातर्तीला. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. अशा वक्रनलिकेत पंप नसतो. पाणी नदीच्या तळाखालून उतरते आणि पलीकडे, सुरुवातीपेक्षा थोड्या खालच्या पातळीवर, आपल्याच दाबाने वर येते. पातळ्यांचा हिशेब चुकला किंवा नळात वाळू भरली तर सारे फुकट. पावसाने कामात अडथळा आणला, काम थांबवायचे की रेटायचे यावर वरिष्ठांशी मतभेद झाला, आणि त्या तरुण अभियंत्याने शेवटी ते पुरे केले. म्हैसूरच्या खजिन्यातून गेलेल्या पैशाचे पहिले व्याज असे पांझरेकाठच्या शेतांना मिळाले. म्हैसूर फसले का? नाही. १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या तिथे मुख्य अभियंता म्हणून परतले, १९१२ ते १९१८ दिवाण होते, आणि कृष्णराजसागर धरण त्याच पर्वातले. मधल्या पंचवीस वर्षांत मुंबई इलाख्यात खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि कालव्याच्या पाण्याची ब्लॉक पद्धत झाली, १८९८ मधला जपानचा अभ्यासदौरा झाला. म्हैसूरला परत मिळाला तो तयार झालेला अभियंता. पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्यातल्या कामाचा मोबदला स्वतःकडे न ठेवता त्यांनी बंगळुरूच्या एका तंत्रशिक्षण संस्थेसाठी दिला. परतफेड अशीही होते.

अर्थात सगळेच विश्वेश्वरय्या नसतात, आणि एका थोर माणसावरून धोरण ठरवणे धोक्याचे असते. पुष्कळ जण परत येत नाहीत. टाटा निधीचाही सुरुवातीचा बराच पैसा कारखान्यांऐवजी आयसीएसच्या वाटेने गेला. १९२४ च्या सुमारास त्या सेवेत जाणाऱ्या भारतीयांपैकी पाचांत दोघे या निधीचे विद्यार्थी होते, असे टाटांच्या इतिहासात नोंदले आहे. उद्योगपतीने दिलेल्या पैशातून परक्या सरकारचे कलेक्टर घडले, असे कुणी म्हटले तर ते पूर्ण खोटे नाही. पण कर्जाच्या रचनेचे सामर्थ्य नेमके इथे दिसते. माणूस कुठे जाईल यावर कोणताही न्यास ताबा ठेवू शकत नाही. पैसा मात्र परत येतो, आणि तो दुसऱ्या माणसाला मिळतो. देणगीच्या शिष्यवृत्तीत माणूस गेला की पैसाही गेला. कर्जाच्या शिष्यवृत्तीत माणूस गेला तरी पैसा घरी येतो. परदेशी स्थिरावलेल्याचे उत्पन्न अधिक असते, म्हणून त्याची परतफेडही वेगाने होऊ शकते. हुशारीचे परदेशगमन थांबवायचे बंधपत्रांचे प्रयोग बहुधा कागदावरच राहतात. परतफेडीची शिस्त राबवायला त्यापेक्षा सोपी.

आता सोनगीरच्या शिवाराकडे पाहू. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावाला किल्ल्याने आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांनी ओळख दिली. हल्ली त्या परिसराचे नाव पाण्याच्या संदर्भात घेतले जाते, ते जामफळमुळे. तापीचे पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी सुलवाडे बॅरेजपासून उचलून जामफळ धरणात आणायचे, अशी ही उपसा सिंचन योजना. तिचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात झाले. दातर्तीच्या वक्रनलिकेत पाणी आपल्या वजनाने चालते. जामफळला ते विजेच्या जोरावर चढवायचे आहे. या दोन कामांमधला फरक फक्त आकाराचा नाही. मोठ्या उपसा योजनेत वीज अचानक गेली की पंप थांबतात, पण लांबलचक नळातले पाणी लगेच थांबत नाही. ते उलटे फिरते, आणि दाबाची लाट नळभर धावून सांधे फोडू शकते. त्यासाठी झडपा कशा बसवायच्या, हवेच्या टाक्या कुठे हव्यात, पंप कोणत्या क्रमाने चालू-बंद करायचे, गाळ मिसळलेल्या पुराच्या पाण्याने पंपाची पाती किती झिजतात, विजेचे बिल कोणत्या पिकाला परवडते, हे सारे रोजच्या चालवण्यातले ज्ञान आहे. आराखडा करणारी मंडळी मुंबई-पुण्याहून येतील आणि जातील. योजना चालवणार आहेत धुळे-शिंदखेड्याकडचेच अभियंते आणि तंत्रज्ञ, त्यांतले पुष्कळ पदविकाधारक.

खानदेशात पाण्याची विद्या नव्हती असे मुळीच नाही. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एक पीक, पीक पाळीने बदलायचे, पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि दुरुस्तीचा बोजा सगळ्यांच्या अंगावर. पण ही विद्या बापाकडून मुलाकडे, पाटकऱ्याकडून पाटकऱ्याकडे गेली. तिला पुढच्या अभ्यासाची जोड देणारे कुणी उभे राहिले नाही, म्हणून पंप आणि विहिरी आल्या तशी ती बाजूला पडत गेली. तांबटांच्या आळीचे दुखणेही याच जातीचे. स्टेनलेस स्टील आणि यंत्रावर दाबून काढलेली भांडी आली तेव्हा हातचे कसब कमी पडले नव्हते. नव्या धातूची, नव्या साच्यांची, नव्या बाजाराची विद्या वेळेवर मिळाली नाही.

इथे तिसरा आक्षेप येतो: नोकरी देणाऱ्याने शिकवावे, न्यासाने कशाला? सरकारने हे काही अंशी केले आहे. नाशिकला ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, छत्रपती संभाजीनगरला ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, आणि त्यांचे काम मोठे आहे. पण त्यांचा भर खात्यातल्या माणसांवर आहे. ठेकेदाराकडचा साइट इंजिनिअर, पंप दुरुस्तीचा छोटा कारखाना चालवणारा पदविकाधारक, ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा आराखडा करून देणारा खासगी अभियंता यांचा मालक त्यांना शिकायला पाठवत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल ही त्याची भीती रास्त आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांना मोठा आधार देते, पण ती नोकरीतल्या माणसासाठी आखलेली नाही. नोकरी सांभाळून पदवीच्या तोडीचे शिक्षण घ्यायचा एक जुना मार्ग होता, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयई परीक्षेचा. १९२० पासूनच्या या संस्थेच्या परीक्षेने कित्येक ओव्हरसीअरांना अभियंता केले. पण मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी पदवीशी असलेली तिची सरकारी समकक्षता उरली नाही. म्हणजे ज्या काळात यंत्रे झपाट्याने बदलली, त्याच काळात काम करता करता वर चढण्याचा एक दरवाजा अरुंद झाला.

उरला आक्षेप पक्षपाताचा. गुणवत्तेवर निवड म्हटली की शहरी, इंग्रजी बोलणारे, आधीच सुस्थितीतले पुढे येतात, हे खरे आहे. नारायणन यांचे उदाहरण त्याला काही अंशी उत्तर देते. केरळातल्या एका गावच्या गरीब दलित घरातून ते त्या निधीपर्यंत पोचले. पण अपवादाने नियम बदलत नाही. नियम बदलायचा तर निवडीची कसोटी बदलली पाहिजे. मार्कांच्या यादीबरोबर उमेदवाराने हाताळलेले काम पाहावे, मुलाखत मराठीत घ्यावी, आणि अर्ज मुंबईला न जाता धुळ्यात, जळगावात घेतला जावा. कुटुंबाचे उत्पन्न बुडू नये म्हणून फीच्या जोडीला रजेच्या काळातला घरखर्चही कर्जात धरावा. परतफेड पगाराच्या प्रमाणात ठेवावी, म्हणजे पदविकाधारकाला ती फास वाटणार नाही.

असा निधी उभारणे खानदेशाला अवघड नाही. ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग जळगावात आहे, शिरपूरच्या जलसंधारणाचा नमुना पाहायला बाहेरून लोक येतात, आणि या मातीतून परदेशी गेलेले अभियंते शेकड्यांनी आहेत. त्यांच्याकडून पहिली ठेव एकदाच लागेल. पुढचा कारभार परतफेडीवर चालू शकतो, हे टाटा निधीने सव्वाशे वर्षे चालून दाखवले आहे. आणि जिथे सरकारचा संबंध आहे तिथे एक साधी गोष्ट लगेच करता येईल. कोणत्याही उपसा योजनेच्या अंदाजपत्रकात पंपांच्या देखभालीचे शीर्षक असते. त्याच्या खाली, ते पंप चालवणाऱ्या माणसांच्या पुढच्या शिक्षणाचे दुसरे शीर्षक घालावे, आणि ती रक्कम दरवर्षी अशा न्यासाकडे वळती करावी. पंप झिजला तर नवा विकत मिळतो. जाणता अभियंता बाजारात तयार मिळत नाही; तो घडवायला पंधरा वर्षे लागतात, म्हणून त्याची तरतूद पंपाच्या आधी झाली पाहिजे.