शुद्ध पाणी : सर्वधर्मीयांचे समान कर्तव्य

दूषित पाण्यातून अतिसार, विषमज्वर व पटकी हे रोग पसरतात. उपचाराने बरे झालेले बालक घरी जाऊन पुन्हा तेच पाणी प्यायल्यास आजार परत जडू शकतो. विहीर साऱ्या गावाची असते; तीत झिरपणारे सांडपाणी कोणाचाही धर्म विचारीत नाही. म्हणून उपायही सर्वांनी मिळूनच करावा लागतो.

याच जाणिवेतून २०१३ साली न्यूयॉर्क येथील युनिसेफच्या मुख्यालयात ‘ग्लोबल इंटरफेथ वॉश अलायन्स’ या सर्वधर्मीय आघाडीचा आरंभ झाला. ऋषिकेशचे स्वामी चिदानंद सरस्वती तिचे सहसंस्थापक होत. विविध धर्मांचे गुरू तिच्यामार्फत शुद्ध पाणी, शौचालय व हात धुण्याची सवय यांचा प्रसार करतात.

पाणी उकळावे, झाकून ठेवावे, ओगराळ्यानेच काढावे, एवढा संदेश प्रत्येक प्रार्थनास्थळातून घरोघरी पोहोचला, तरी अनेक बालकांना रुग्णालयाची पायरी चढावी लागणार नाही.