हातांचा वैद्य : डॉ. पॉल ब्रँड

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या सोनारीला काळभैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते. सोनारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना देवळाइतकीच तिथली माकडे आठवतात. यात्रेकरू तळहातावर शेंगदाणे, फुटाणे ठेवतात आणि माकडे ते हातावरून उचलून नेतात. त्याच वाटेवर, बोटे झिजून गेलेल्या हातांनी वाडगे पुढे करून बसलेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. आजी माझ्या हातात नाणे देई आणि सांगे, "वरूनच टाक गं, हात लावू नको." माकडाचा हात लागलेला चालतो, माणसाचा चालत नाही, हे तेव्हा मुळीच खटकले नाही. यंदा ग्रंथालयात डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचू लागले, तेव्हा खटकले.

ब्रँड हे हाताचे शल्यविशारद. जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, आईवडील मिशनरी. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, पण लगेच डॉक्टर झाले नाहीत. आधी काही वर्षे सुतारकाम आणि गवंडीकाम शिकले. हे शिक्षण वाया गेले असे वाटेल, पण पुढे तेच उपयोगी पडले. हात म्हणजे काम करावयाचे अवजार आहे, हे ज्याने स्वतः रंधा धरला आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी डॉ. कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचे कुष्ठरुग्णालय दाखविले. तेथे एका रुग्णाशी हस्तांदोलन करताना ब्रँड यांचा हात दुखेपर्यंत आवळला गेला. त्या रुग्णाची बोटे पंजासारखी वाकडी झालेली होती, तरी पकड लोखंडी! म्हणजे या निकामी हातात जोरदार स्नायू शिल्लक होते. ब्रँड यांच्या पुढील सगळ्या कामाची सुरुवात या पकडीतून झाली.

हे कसे घडते ते सांगते. कोपर कशाला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती जी शीर आहे तिच्यावर कुष्ठरोगाचा घाला पडतो. तळहातातील लहान स्नायू तिच्या हुकमतीत असतात, ते लुळे पडतात. दंडाखालचे मोठे स्नायू मात्र शाबूत राहतात, कारण त्यांची शीर बहुतेक वेगळी आहे. गाडीचा एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी जशी वाकडी जाते, तशी बोटे आत वळून आकडी होतात. यावर ब्रँड यांचा उपाय आपल्याकडच्या सावडीसारखा आहे. ज्याच्याकडे बैल जास्त, त्याच्याकडून एक उसना घ्यावयाचा. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते तिला कंडरा म्हणतात. चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून, तिचे चार पदर करून ते चार बोटांना जोडावयाचे. त्यानंतर काही आठवडे प्लास्टर आणि मग व्यायाम. हा व्यायाम विचित्र असतो. जो स्नायू आजवर एक काम करीत होता त्याच्याकडून दुसरे काम घ्यावयाचे, म्हणजे मेंदूलाच नव्याने शिकवावे लागते. शस्त्रक्रिया काही तासांची, शिकवणी महिन्यांची.

दुसरा शोध मला अधिक मोठा वाटतो. कुष्ठरोगाने बोटे झडतात, ते मांसच नासके असते, असा तेव्हा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आले की जखम झाकून, प्लास्टरमध्ये जपून ठेवली तर ती इतरांसारखीच भरते. मग बोटे जातात कशाने? तर दुखत नाही म्हणून. रुग्ण तापलेले भांडे तसेच उचलतो. गंजलेल्या कुलपात किल्ली अडली तर बोट चिरेपर्यंत पिळतो. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडून जात आणि त्यांना जाग येत नसे. यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे दिली गेली! वाचताना मला आधी हसू आले, मग आले नाही.

एवढे करून हात सरळ झाले. तर काही रुग्ण परत येऊन तक्रार करू लागले की या हातांना भीक मिळत नाही. वाकडे हात पाहून लोक पैसे टाकीत, सरळ हात पाहून टाकीत नाहीत, आणि रोगाची खूण माहीत असल्याने काम तर कोणीच देत नाही. दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता की माझे काम संपले. ब्रँड यांनी वेल्लोरला 'नवजीवन' केंद्र काढले, झोपड्या बांधल्या, सुतारकामाची शाळा घातली आणि स्वतः शिकविले. १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. २००३ साली वारले.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले. डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारून तेथे या रुग्णांनाही घेतले. पुढे ते अलिबागकडे मांडव्याला गेले आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवू लागले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगावर १९८१ पासून अनेक औषधांचा एकत्र उपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. औषध वेळेवर मिळाले तर हात वाकडे होण्याची पाळीच बहुधा येत नाही. तथापि आधीच मेलेली शीर औषधाने जिवंत होत नाही, आणि नवे रुग्ण अजून सापडतात.

आता हा विषय मी का निवडला ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या अण्णांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. एका दवाखान्यात टाके घातले. जखम छान भरली, पण मधली दोन बोटे मिटत नाहीत. आत कंडरा तुटली होती. टाके घालण्यापूर्वी "एकेक बोट मिटून दाखवा" एवढे म्हटले असते तरी ते कळले असते. तुम्ही काय काम करता, हेही कोणी विचारले नाही. अण्णा तिफणीच्या चाड्यावर मूठ धरीत. ज्वारी मुठीतून सारखी सुटली पाहिजे. त्यांच्या मिटत नसलेल्या बोटांतून ती एकदम सांडते. आता चाड्यावर आई असते.

ब्रँड यांच्या शस्त्रक्रियेचे चित्र मी अण्णांना दाखविले. चार पदरांवर बोट ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "आता उशीर झाला असंल की." उशीर झाला तरी दुसरीकडची कंडरा घेऊन जोडता येते, फक्त सांधे आखडलेले नसावेत, असे मी वाचले आहे. म्हणून रोज रात्री कोमट पाण्यात हात धरून मी त्यांची ती दोन बोटे वाकवून घेते. सुगी झाली की सोलापूरला हाताच्या डॉक्टरांकडे जावयाचे ठरले आहे.