गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : बिघाड कुठे शोधावा?

सुरू केल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट लावणारा, मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसणारा रेडिओ ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली अशा रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि घरातून व्हॉल्व्ह गेले. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकून राहिले. क्षमतेबाहेरचा संदेश आला की ट्रान्झिस्टर तरंगाचे माथे एकदम छाटतो. व्हॉल्व्ह ते हळूहळू चपटे करतो. त्यातून उमटणारा भरड पण गोड आवाज वादकांना हवा असतो.

पूर्वी असे ॲम्प्लिफायर महाग असत. या शतकाच्या पहिल्या दशकात स्वस्त, छोटे नमुने बाजारात आले. एपिफोनचा ‘व्हॉल्व्ह ज्युनियर’ हे त्यातले एक चांगले उदाहरण. आवाज कमी-जास्त करायचे एकच बटण, एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४ असे दोनच व्हॉल्व्ह, आणि सुमारे ५ वॅट आवाज. इतकी साधी मांडणी की पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने आकृती पाहून ती समजून घ्यावी.

असा ॲम्प्लिफायर बिघडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. कारण उघड आहे. तो दिसतो, पेटतो आणि हाताने काढता येतो. नवे व्हॉल्व्ह विकत आणले जातात आणि बिघाड तसाच राहतो. स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक, संशय त्याच्या शेजाऱ्यांवर घ्यायला हवा, आणि त्यामागचे कारण उष्णता हे आहे.

ईएल८४ची तापक तार ६.३ व्होल्टला ०.७६ ॲम्पिअर धारा घेते, म्हणजे ४.८ वॅट. त्याशिवाय धनाग्रावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे आणखी १० ते १२ वॅट उष्णता. अंगठ्याएवढ्या काचेच्या नळीतून पंधरा वॅट बाहेर पडतात, तेही पाच वॅट आवाजासाठी! जुन्या यंत्रांत व्हॉल्व्हची बैठक पत्र्याच्या चॅसीवर बसवलेली असे. स्वस्त यंत्रांत ती थेट छापील सर्किटच्या पट्टीवर डाखलेली असते. व्हॉल्व्ह तापला की पट्टी, तांबे आणि डाख वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. थंड झाला की आकुंचन पावतात. हे शेकडो वेळा झाले की बैठकीच्या पायाभोवती डाखाला केसाएवढी वर्तुळाकार चीर पडते. लक्षण ओळखीचे असते : यंत्र सुरुवातीला नीट चालते, तापल्यावर आवाज जातो किंवा खरखरतो. भिंगाखाली चीर दिसते. जुना डाख काढून नवा दिला की काम भागते.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ज्याला रेडिओ दुरुस्तीवाले कंडेन्सर म्हणत आले आहेत. त्याच्या आत ओलसर रसायन असते आणि ते हळूहळू सुकते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ८००० तास टिकेल; रोज दोन तास वाजवणाऱ्याला अकरा वर्षे. तोच व्हॉल्व्हला खेटून बसवला असेल तर हिशेब पार बदलतो.

कपॅसिटर सुकला की ‘घूं’ असा आवाज येतो. हा आवाज कानाने तपासता येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. पूर्ण-तरंग दिष्टीकरणानंतर उरलेली लहर मात्र १०० हर्ट्‌झची असते. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की ९८ हर्ट्‌झचा स्वर मिळतो. घूं त्याच्याशी जवळपास जुळत असेल तर दिष्टीकरणानंतरचे कपॅसिटर तपासावेत. एक सप्तक खाली असेल तर तो ५० हर्ट्‌झचा आहे; तापक तारांची जोडणी किंवा भूसंपर्क पाहावा. आवाजाचे बटण फिरवूनही घूं कमी होत नसेल तर दोष बटणाच्या पुढच्या भागात आहे. इतके निदान पेटी न उघडता होते.

पेटी उघडायची झाली तर मात्र आधी नीट वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ट्रान्सफॉर्मरमधून २५० व्होल्ट प्रत्यावर्ती दाब येत असेल तर दिष्टीकरणानंतर कपॅसिटरवर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३५० व्होल्ट साठू शकतात. एकूण धारिता १०० मायक्रोफॅरड धरली तर ऊर्जा ½CV² या सूत्राने सहा ज्यूल भरते. सहाशे ग्रॅम वजन एक मीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. पण ती छातीतून काही मिलिसेकंदांत गेली तर हृदयाची लय बिघडवू शकते. प्लग काढला म्हणजे हा साठा संपला असे नाही.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावी. चांगल्या स्थितीतला ॲम्प्लिफायर वाजत असताना बंद केला तर ऋणाग्र काही सेकंद तापलेले राहते, व्हॉल्व्हमधून धारा वाहत राहते आणि साठा बराचसा ओसरतो. पण तापक तारेची जोडणी तुटली असेल किंवा ईएल८४ काढून ठेवला असेल, तर साठ्याला ही वाट मिळत नाही. काही यंत्रांत साठा रिकामा करणारा कायमचा रोधक असतो, काहींत नसतो. म्हणजे बिघडलेला ॲम्प्लिफायरच, जो आपण उघडणार असतो तो, अधिक धोकादायक!

म्हणून प्लग काढून १० किलोओहम, ५ वॅटचा रोधक आवरण असलेल्या चिमट्यांनी कपॅसिटरच्या दोन टोकांना लावावा. RC म्हणजे कालस्थिरांक इथे एक सेकंद येतो. पाच सेकंदांनी ३५० व्होल्टचे अडीच व्होल्टही उरत नाहीत. अर्धा मिनिट थांबून मल्टिमीटरने मोजावे, मग थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, कारण कपॅसिटरच्या पटलात मुरलेला थोडा भार पुन्हा वर येतो. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. तिने कपॅसिटरलाही इजा होते. विद्यार्थ्यांना हे समजावताना १२ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम वापरा. दहा सेकंदांनी ४.४ व्होल्ट उरलेले त्यांना मोजता येतील. ॲम्प्लिफायर त्यांच्या हाती देऊ नये.

पुढची चाचणी यंत्र चालू ठेवून करावी लागते. मीटरचे चिमटे वीज बंद असतानाच लावावेत, मग वीज सुरू करावी आणि हात दूर ठेवून फक्त आकडा वाचावा. ईएल८४च्या ऋणाग्राचा रोधक २२० ओहमचा आणि त्यावर ९ व्होल्ट असतील तर ओहमच्या नियमाने धारा ४१ मिलिॲम्पिअर. हे ठीक आहे. १४ व्होल्ट दिसले तर ६४ मिलिॲम्पिअर, आणि व्हॉल्व्ह लवकरच लालबुंद होईल. अशा वेळी ग्रिडवरचा दाब मोजावा. तो शून्य हवा. काही व्होल्ट धन दिसले तर वीज बंद करून, साठा रिकामा करून, ईएल८४ काढून पुन्हा मोजावा. धन दाब कायम असेल तर आधीच्या व्हॉल्व्हकडून संदेश आणणारा छोटा कपॅसिटर गळतो आहे. दाब नाहीसा झाला तर व्हॉल्व्हच दोषी. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह खुशाल आणावा. गळका कपॅसिटर न बदलता नवा व्हॉल्व्ह बसवला तर तोही जळतो. ही मोजणी झाली की पुन्हा साठा रिकामा करायला विसरू नये. ईएल८४ तर आता बाहेरच आहे.

ईसीसी८३ तपासणे सोपे. लाकडी पेन्सिलीने काचेवर हलकेच टकटक करावी. स्पीकरमधून मोठी ‘टिंग’ आली, तर आतले भाग सैल झाले आहेत.

स्पीकर जोडल्याशिवाय मात्र असा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. ईएल८४ला सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो ८ ओहमचा. २५ ला १ अशा वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर मध्ये बसून हे जुळवतो. स्पीकर नसेल तर वेटोळ्यातील चुंबकीय ऊर्जेला जायला जागा उरत नाही आणि दाब इतका चढतो की वेढ्यांवरचे आवरण फुटते. व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात आणि मागवता येतात. ट्रान्सफॉर्मर जळला तर तो बदलण्याचा खर्च अशा स्वस्त यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो.