विश्लेषण : डोळ्यातील मेलानोमा त्वचेच्या मेलानोमाहून वेगळा कसा?

दोन्ही कर्करोगांचे नाव एक आणि मूळही एक : रंगद्रव्य तयार करणाऱ्या मेलानोसाइट पेशी. तरीही कारणे, प्रसार आणि उपचार या तिन्ही बाबतींत हे आजार वेगळे आहेत.

लक्षात कसा येतो?

त्वचेवरील तिळाचा आकार किंवा रंग बदलला की तो नजरेस पडतो. डोळ्यातील मेलानोमा मात्र बहुतेकदा दृष्टिपटलामागील कोरॉइड या थरात असतो. तो आरशात दिसत नाही. अंधूक दिसणे, प्रकाश चमकल्याचा भास होणे ही लक्षणे दिसतात. पण अनेकांना सुरुवातीला काहीच त्रास नसतो. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर होणाऱ्या तपासणीत गाठ सापडते.

कारणांत फरक काय?

त्वचेच्या बहुतांश मेलानोमामागे सूर्याची अतिनील किरणे असतात. सुमारे निम्म्या रुग्णांत ‘बीआरएएफ’ जनुकात बिघाड आढळतो आणि त्यावर नेमकी औषधे आहेत. डोळ्यातील मेलानोमात ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत बिघाड ‘जीएनएक्यू’ किंवा ‘जीएनए११’ जनुकात असतो. त्यामुळे ती औषधे येथे उपयोगी पडत नाहीत. एकूण जनुकीय बदलही कमी असल्याने रोगप्रतिकारशक्तीला या पेशी परक्या वाटत नाहीत. म्हणूनच इम्युनोथेरपीचा परिणामही मर्यादित राहतो.

प्रसार कुठे होतो?

त्वचेचा मेलानोमा अनेकदा आधी जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतो. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसल्याने तेथील पेशी रक्तावाटे पसरतात आणि बहुतेकदा यकृतात रुजतात. सुमारे निम्म्या रुग्णांत कधी ना कधी असा प्रसार होतो, काहींत अनेक वर्षांनी.

उपचार कोणते?

मध्यम आकाराच्या गाठीसाठी डोळा काढणे आणि किरणोत्सारी चकती डोळ्यावर बसवणे, या दोन्हींत जगण्याचे प्रमाण सारखेच असल्याचे अमेरिकेतील ‘कॉम्स’ चाचणीने २००१ मध्ये दाखवले. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ची अशी चकती देशातच विकसित केली आहे. पसरलेल्या आजारासाठी अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये टेबेंटाफस्प या औषधाला मंजुरी मिळाली. चाचणीत वर्षभरानंतर हे औषध घेणारे ७३ टक्के, तर इतर उपचार घेणारे ५९ टक्के रुग्ण हयात होते. मात्र ‘एचएलए-ए*०२:०१’ हा ठरावीक ऊतक-प्रकार असलेल्यांनाच ते देता येते.

त्यामुळे डोळा वाचला तरी तपासणी संपत नाही. यकृतावर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.