सौर वाऱ्याची उपणणी

मळणीयंत्रे आली नव्हती तेव्हा आमच्या मंठ्याच्या परिसरात सुगीला खळ्यावर एक दृश्य हमखास दिसे. ज्वारीची मळणी झाली की शेतकरी उंच तिपाईवर उभा राही आणि टोपल्यातील रास हळूहळू खाली सोडी. हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जाई, जड दाणे पायाशी पडत. येथे वारा धान्य निवडतो. पण खुद्द वाराच निवडायचा असेल तर? आणि तोही सूर्यावरून येणारा? भारताचे आदित्य-एल१ हे यान नेमके हेच काम करते.

सूर्याच्या सर्वांत बाहेरील वातावरणाला प्रभामंडल म्हणतात. त्याचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असते. इतक्या तप्त वायूला सूर्याचे गुरुत्वाकर्षण धरून ठेवू शकत नाही. तो सर्व दिशांना सतत वाहत राहतो. हाच सौर वारा. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याचे भाकीत केले आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने ते निर्विवाद खरे ठरविले. या वाऱ्यात मुख्यतः प्रोटॉन, थोडे अल्फा कण (म्हणजे हेलियमची अणुकेंद्रे) आणि इलेक्ट्रॉन असतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० किलोमीटर! मात्र पृथ्वीजवळ तो इतका विरळ असतो की एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण सापडतात.

मग इतक्या विरळ वाऱ्याची चिंता कशाला करायची? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदी याचे उत्तर देतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तेजस्वी ज्वाला दिसली. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी कुलाब्याच्या उपकरणात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. त्या काळी तारायंत्रे बिघडली. १३ मार्च १९८९ च्या वादळात तर कॅनडातील क्युबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात होता. कुलाब्याच्या उपकरणाने आलेले वादळ टिपले, पण ते येण्याआधी कळणे त्याच्या हातात नव्हते.

त्यासाठी वाऱ्याच्या वाटेवरच पहारा हवा. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूस असलेल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील ‘अ‍ॅस्पेक्स’ हे उपकरण अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने तयार केले. त्याचा ‘स्विस’ हा भाग सौर वाऱ्यातील आयन मोजतो.

आयन डोळ्यांना दिसत नाही आणि तराजूतही बसत नाही. परंतु त्याच्यावर विद्युतभार असतो, आणि तेवढे पुरेसे आहे. एकात एक ठेवलेल्या दोन वाट्या डोळ्यांसमोर आणा. त्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत, मध्ये अरुंद फट आहे. दोन्ही धातूच्या असून त्यांच्यात विभवांतर ठेवले आहे. फटीत शिरलेल्या आयनाला विद्युतबल वळवू लागते. आयनाची ऊर्जा फार असेल तर तो पुरेसा वळत नाही आणि बाहेरच्या वाटीवर आदळतो. ऊर्जा कमी असेल तर जास्त वळून आतल्या वाटीवर आदळतो. ज्याची ऊर्जा नेमकी जुळते तोच पलीकडे पोहोचतो. तेथील शोधकात एका आयनामुळे लाखो इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो आणि मोजता येईल असा विद्युतस्पंद मिळतो. विभवांतर पायरीपायरीने बदलत गेले की कोणत्या ऊर्जेचे किती आयन आले, हे कळते.

आता थोडे गणित करू. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या प्रोटॉनची गतिज ऊर्जा सुमारे ८३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. त्याच वेगाच्या अल्फा कणाचे वस्तुमान चौपट, म्हणून ऊर्जाही चौपट, ३३४० इलेक्ट्रॉन व्होल्ट. पण त्याचा भार दुप्पट आहे. वाट्यांना कळते ती एकेका भारामागील ऊर्जा. ती अल्फा कणासाठी १६७० येते, म्हणजे प्रोटॉनच्या दुप्पट. म्हणून आलेखावर दोन शिखरे दिसतात, मोठे प्रोटॉनचे आणि त्याच्या दुप्पट ऊर्जेवर लहान अल्फाचे. झाली उपणणी!

पण येथे एक अडचण आहे. सेकंदाला सुमारे ५६६ किलोमीटर वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जाही १६७० च येते. वारा तापलेला आणि वेगवान असला की दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. म्हणून स्विसच्या एका संवेदकात वाट्यांच्या पुढे चुंबक बसविले आहेत. समान ऊर्जा-भार गुणोत्तर असूनही अल्फा कण चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनपेक्षा कमी वळतो आणि वेगळ्या जागी पडतो. दुसरा संवेदक त्याला काटकोनात असलेल्या प्रतलात सरसकट सर्व आयन टिपतो.

हा खटाटोप कशासाठी? सूर्यावरून मोठा उद्रेक होऊन ढग निघाला की त्यात अल्फा कणांचे प्रमाण अनेकदा एकाएकी वाढलेले आढळते. म्हणजे हे प्रमाण त्या ढगाची ओळखखूणच! मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आले तेव्हा अ‍ॅस्पेक्सने वेगवान, तप्त वारा टिपला. त्याच सुमारास लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला.

ताशी नव्हे, सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाऱ्याला एल१ पासून पृथ्वी गाठायला सुमारे एक तास लागतो. १८५९ मध्ये कुलाब्यात जो अवधी नव्हता, तो हाच एक तास. उपग्रह सांभाळणाऱ्यांना आणि वीजजाळे चालविणाऱ्यांना तो फार मोलाचा आहे.

आता तुम्ही वहीवर सोडवा: वाऱ्याचा वेग सेकंदाला ८०० किलोमीटर झाला, तर प्रोटॉनचे शिखर कोठे सरकेल आणि सावध व्हायला किती मिनिटे उरतील?