थांबलेलं चाक

गेल्या श्रावणात वेल्ह्याकडे जाताना आमची गाडी शेताच्या कडेला चिखलात रुतली. मी रेस करत राहिलो. पुढचं डावं चाक चिखल उडवत गरागरा फिरत होतं आणि चांगल्या मुरमावर असलेलं उजवं चाक ढिम्म. खाली उतरलेल्या नऊ वर्षांच्या लेकीने दोन्ही बाजू पाहून विचारलं, "बाबा, ज्याचे पाय जमिनीवर आहेत तेच चाक का थांबलंय?"

खाचरातून एक आजोबा आले. "दादा, रेस नका करू," म्हणाले आणि खताचं रिकामं पोतं त्या फिरणाऱ्या चाकाखाली कोंबलं. मी अलगद क्लच सोडला, गाडी बाहेर! मुरमावरच्या चाकाला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही फिरलं.

त्या रात्री आम्ही घरी दोन गोष्टी ठरवल्या. एक, आईला चढता-उतरता येईल आणि गावाकडचा कच्चा रस्ता झेपेल अशी जुनी पण चांगली एसयूव्ही बघायची. दुसरी, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. पुढे कळलं की ही दोन्ही कामं एकच होती.

आधी लेकीचा प्रश्न. घाटातलं वळण आठवा. गाडी पूर्ण उलट दिशेला वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर 1.6 मीटर धरलं तर साधारण 5 मीटर. वळण लहान असो की प्रशस्त, अर्ध्या वर्तुळात हा फरक 5 मीटरच राहतो. मी कागदावर तीनदा मांडून पाहिलं, तेव्हा कुठे विश्वास बसला. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणावर टायर फरफटले असते. ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी, वाफेच्या गाडीसाठी, यावर उपाय काढला: डिफरन्शियल. चार-पाच दातेरी चाकांची ही जुळणी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटते.

हा समान वाटाच चिखलात घात करतो. निसरड्यातलं चाक जेमतेम जोर पेलतं, म्हणून पकड असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. आजोबांच्या पोत्याने घसरणाऱ्या चाकाला अडवलं. ते जोर पेलू लागताच दुसऱ्याचाही वाटा वाढला.

मग गाड्या बघताना मला एक विलक्षण गोष्ट कळली. महागड्या एसयूव्हीत ते पोतं आधीच बसवलेलं असतं! प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर फेरे मोजतो. एखादं चाक भलतंच जोरात फिरलं की संगणक फक्त त्याच चाकाचा ब्रेक चिमटीत धरतो आणि जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. इथे ब्रेक लावल्यामुळे गाडी पुढे जाते.

आम्ही पाहिलेली गाडी होती लँड रोव्हर फ्रीलँडर 2. 2008 साली टाटांनी ही कंपनी विकत घेतली आणि 2011 पासून फ्रीलँडर 2 ची जुळणी आपल्या पुण्यात सुरू झाली. नेहमीच्या डांबरी रस्त्यावर तिचा बहुतेक जोर पुढच्या चाकांना जातो. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा एक डबा असतो. पुढची चाकं घसरली की तेलाचा दाब वाढतो, प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि मागची चाकंही कामाला लागतात. लो रेंजचा गिअर मात्र तिच्यात नाही. त्यामुळे शेतवाट, ओलं गवत, लाल चिखल यांसाठी ती उत्तम, पण मोठमोठ्या खडकांवर चढवायला नव्हे.

जुनी घेताना लोक आधी किलोमीटर बघतात, लेदर बघतात. मी म्हणेन, आधी चारही टायरांपाशी गुडघे टेकून बसा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर, त्यांच्या नक्षीत 5 मिलिमीटरचा फरक, एवढं तरी सहज आढळतं. या आकाराचा टायर किलोमीटरमागे साधारण 430 फेरे घेतो. झिजलेला घेतो जवळपास सहा फेरे जास्त. पुण्याहून महाबळेश्वरला जाईपर्यंत सातशे फेऱ्यांचा फरक! पुढची-मागची चाकं सतत वेगळ्या गतीने फिरत राहिली की जोडणाऱ्या प्लेटा एकमेकींवर घासतात आणि तेल तापतं. त्या डब्यातलं तेल शेवटचं कधी बदललं, हे बिलासकट विचारा. चालवताना मागून हुंकार येतो का, ऐका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर मळाची रेघ तिथे लपते. आरसीवरची तारीखही पाहाच, कारण 15 वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. आणि थोडे पैसे हातात राखून ठेवा. जुन्या महागड्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही.

ओळखीच्या मेकॅनिकांनी ती फ्रीलँडर लिफ्टवर चढवली. हँडब्रेक सोडला आणि लेकीला म्हणाले, "हे मागचं चाक हाताने फिरव, बेटा." तिने दोन्ही हातांनी चाक पुढे ढकललं. पलीकडचं चाक आपोआप, उलट्या दिशेने फिरलं. ती धावत दुसऱ्या बाजूला गेली आणि ते मागे ओढून बघितलं. मग परत इकडे आली. आम्ही टायरांच्या भावावर बोलत होतो, ती गाडीखालून वाकून एक चाक फिरवत दुसऱ्याकडे बघत होती.