अक्सुमपासून माहुलीपर्यंत : हबशी सत्तेची दोन टोके

युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी या खंडात हजारो वर्षे राज्ये उदयाला येत होती आणि लयाला जात होती. पश्चिमेच्या माली साम्राज्याचा राजा मन्सा मुसा १३२४ साली हजला जाताना कैरोत थांबला, तेव्हा त्याने तिथे इतके सोने वाटले की बाजारात सोन्याचा भाव घसरला. दक्षिणेच्या ग्रेट झिंबाब्वेत चुन्याविना रचलेले दगडी कोट उभे राहिले. पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वा बंदरातून सोने आणि हस्तिदंत बाहेर जाई, तर गुजरातचे कापड आणि काचेचे मणी आत येत. या राज्यांपैकी महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट नाते जडले ते इथिओपियाचे. मराठी कागदपत्रांतले हबशी ते याच मुलखातले.

इथिओपियाच्या उत्तरेकडील पठारावर इसवी सनाच्या पहिल्या शतकात अक्सुमचे राज्य भरभराटीला आले. तांबड्या समुद्रावरचे अदुलिस हे त्याचे बंदर. तिथून हस्तिदंत जाई आणि रोम, अरबस्तान व भारताचा माल येई. अक्सुमच्या राजांनी सोने, चांदी आणि तांबे या तिन्ही धातूंची नाणी पाडली. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकसंध दगडातून घडवलेले तिथले उंच स्तंभ आजही पाहता येतात. पुढे तांबड्या समुद्रावरचा व्यापार हातचा गेल्यावर अक्सुम मागे पडले. त्यानंतरच्या झाग्वे घराण्यातील लालिबेला राजाच्या नावाने खडकात कोरलेली अकरा चर्च ओळखली जातात. वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणे त्यांतली काही वरून खाली खोदत नेलेली आहेत. १२७० साली गादीवर आलेल्या घराण्याने आपली वंशावळ राजा सॉलोमनशी जोडली.

या ख्रिस्ती राज्याच्या पूर्वेला मुस्लिम सुलतानांची राज्ये होती. त्यांतील अदल राज्याचा सेनानी इमाम अहमद याने १५२९ पासून पठारावर मोहिमा काढल्या आणि बराच मुलूख जिंकला. त्याला तुर्कांच्या बंदुकांचे बळ होते. ख्रिस्ती राजाच्या मदतीला १५४१ साली पोर्तुगीज आले, तेही गोव्याहून निघालेल्या आरमारातून. १५४३ मध्ये इमाम अहमद लढाईत पडला. तोवर दोन्ही राज्ये खिळखिळी झाली होती. युद्धात धरलेले कैदी आणि धाडी घालून पळवलेली मुले गुलाम म्हणून किनाऱ्यावर नेऊन विकली जात. तिथून गलबतांनी त्यांना अरबस्तानात आणि पुढे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत आणले जाई.

दख्खनच्या सुलतानांना अशा गुलामांची गरज लष्करासाठी होती. इराणी-अरबी परदेशी सरदार आणि स्थानिक दख्खनी सरदार यांच्यात कायमची चुरस असे. हबशी गुलामाला इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही; त्यामुळे तो धन्याशीच निष्ठा राखील, असा हिशेब होता. धनी वारला किंवा त्याने मुक्त केले, की हाच शिपाई स्वतःची फौज बाळगणारा सरदार होऊ शके. अहमदनगरच्या निजामशाहीत पेशवेपदावर पोचलेला चंगेजखान असाच एकेकाळचा हबशी गुलाम होता.

या चंगेजखानानेच विकत घेतलेला एक तरुण म्हणजे मलिक अंबर. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी विकला गेल्यावर येमेन आणि बगदाद अशी वाट चालून तो दख्खनला आला. बगदादच्या धन्याकडे त्याला शिक्षण मिळाले होते. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला आणि काही काळ विजापूरच्या चाकरीत राहून निजामशाहीत परतला. १६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तेव्हा अंबरने परांड्याला राजवंशातील मुर्तझा या तरुणाला सुलतान केले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे त्याने मुघलांना दक्षिणेत स्वस्थता लाभू दिली नाही.

समोरासमोरची लढाई टाळून रसद तोडणे, डोंगराळ वाटांत शत्रूला गाठणे, रात्री छापे घालणे ही त्याची रीत होती आणि ती चालवणारे हलके घोडदळ मुख्यतः मराठ्यांचे होते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि विजापूरच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. जहांगीर बादशहाने तर अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडत आहोत असे चित्रच काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

अंबरची दुसरी कामगिरी मुलकी कारभारातली. महसूल मक्त्याने देण्याची पद्धत मोडून त्याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला आणि वसुली गावच्या पाटील-कुलकर्ण्यांमार्फत ठेवली. ही मलिकंबरी पद्धत त्याच्यामागेही दख्खनच्या महसूल व्यवस्थेत आधारभूत मानली गेली. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरांतले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी त्याची नहर पुढे शतकानुशतके चालू राहिली. १६२६ साली अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

त्याचा मुलगा फतेहखान याला राज्य सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेले. शहाजीराजांनी मग निजामशाही वंशातील एका लहान मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवून राज्य चालवण्याचा प्रयत्न केला. मुघल आणि विजापूर एकत्र आल्यावर त्यांना कोकणाच्या तोंडावरचा माहुलीगड गाठावा लागला. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन भागांचा हा दुर्ग शहापूर तालुक्यात, आसनगावजवळ आहे. १६३६ साली वेढा पडल्यावर शहाजीराजांनी गड सोडला, बालसुलतान मुघलांच्या स्वाधीन झाला आणि ते स्वतः विजापूरच्या चाकरीत गेले. अंबरने सावरून धरलेली निजामशाही माहुलीवर संपली.

हबशी सत्ता मात्र कोकण किनाऱ्यावर टिकली. १६३६ च्या तहाने कोकण विजापूरकडे गेले आणि जंजिऱ्याच्या जलदुर्गाचे सिद्दी, म्हणजे हबशी, किल्लेदार त्या दरबारचे सरदार ठरले; १६७० नंतर ते मुघलांचे आरमार सांभाळू लागले. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनीही प्रयत्न करूनही पाण्यातला हा किल्ला पडला नाही. १६८९ मध्ये सिद्दी याकुतखानाने इंग्रजांच्या मुंबईलाही वेढा घातला. इंग्रजी अमलात जंजिरा नवाबांचे संस्थान म्हणून राहिले आणि १९४८ साली भारतात विलीन झाले. ज्या मुलखातून हे घराणे आले, त्या इथिओपियातली राजेशाही त्यानंतर आणखी सव्वीस वर्षांनी, १९७४ मध्ये संपली.